महासभेत वाचलेली नावं

मोह गळायला लागला की आमच्याकडच्या सकाळींना एक गोडसर, जरा आंबूस वास येतो. अक्कलकुव्यात मी राहते त्या खोलीच्या मागे एकच मोहाचं झाड आहे. शाळेत निघताना फुलं पायाखाली येतात, चपलेला चिकटतात, आणि दिवसभर वर्गात मला तो वास येत राहतो. डोंगरात आमच्या गावी असं फूल कोणी तुडवणार नाही. झाडाखालचा पाला जाळून जमीन लख्ख झाडलेली असते, आणि उजाडायच्या आत बायका टोपल्या घेऊन वाकलेल्या असतात. इथे गावात कोणाला वेळ आहे! सफाईवाली येते आणि फुलं कचऱ्यात लोटते. मला दरवर्षी वाईट वाटतं, आणि दरवर्षी मीही घाईत असते.

याच दिवसांत फोनवर निरोप येतो. यंदाची महासभा अमुक गावी, तीन दिवस, प्रत्येक मंडळीने, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती जमातीने, एक वडील आणि एक प्रतिनिधी पाठवावा. आमच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत देवळाचा कारभार पाहणाऱ्या निवडलेल्या माणसाला 'वडील' म्हणतात. आता निरोपाबरोबर मंडपाचा नकाशा येतो, जेवणाच्या वेळा येतात. तो वाचता वाचता माझं मन मात्र पंधरा-सोळा वर्षं मागे जातं, त्या एका फाल्गुनात, जेव्हा मी पहिल्यांदा प्रतिनिधी म्हणून गेले होते. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. नुकतीच आश्रमशाळेत शिकवायला लागले होते आणि माझ्याजवळ चांगली म्हणावी अशी एकच साडी होती.

खरं तर गोष्ट त्याच्या आधी दोन महिने सुरू झाली, पौषात.

एका रविवारी महासभेचे चिटणीस आमच्या गावी आले होते. मोटारसायकल खालीच ठेवून शेवटचा चढ ते पायी चढले. सज्जन माणूस, चष्मा पुसत पुसत बोलायचे. सगळ्या मंडळ्यांच्या याद्या तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. आमचं देऊळ म्हणजे कुडाच्या भिंती आणि वर पत्रे. त्या दिवशी उपासनेला म्हातारी माणसं, दोन बाळंतिणी आणि मी. चिटणीसांनी वही उघडली. त्यांना आमची भिली येत नव्हती आणि म्हाताऱ्यांना त्यांचं मराठी पुरतं कळत नव्हतं, म्हणून त्यांनी मला शेजारी बसवलं. ते नाव वाचायचे आणि विचारायचे, "आहेत का?"

मी म्हणायचे, "नाही."

खोटं काय होतं त्यात? दिवाळी झाली की आमचं गाव ऊसतोडीला जातं. ते एकामागून एक नावं वाचत गेले आणि मी "नाही, नाही" म्हणत गेले. माझ्या बापाचं नाव आलं, तेव्हाही नाही म्हटलं. आईचं आलं, तेव्हाही. यादीत त्रेसष्ट नावं होती, त्यांतली सतरा हजर निघाली. चिटणीसांनी चहा घेतला, माझ्या मराठीचं कौतुक केलं आणि उतरून गेले.

महिनाभराने पत्र आलं. मंडळी फार लहान उरल्यामुळे तिला खाली नदीपलीकडे मोठ्या रस्त्यावर असलेल्या मंडळीत विलीन करण्याचा ठराव महासभेपुढे येणार होता. आमचं नाव जाणार, महिन्यातून एकदा वर चढून येणारे धर्मगुरू, आमचे पाळक, बंद होणार. पत्र मीच वाचून दाखवलं. कोणी मला काही बोललं नाही. पण बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

आमच्या मंडळीचे वडील होते दिवल्याकाका. मंडळीच्या वहीत त्यांचं नाव दानिएल, बाकी सगळ्या जगात दिवल्या. साठीच्या पुढचे, काटक, उजव्या कानाने कमी ऐकणारे. ऐकायचं नसेल तेव्हा डाव्यानेही कमी ऐकायचे. पत्र ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "यंदा प्रतिनिधी तू. तुला मराठी येतं."

"मला सभेत बोलता येत नाही, काका."

"तू 'नाही' बोललीस ना? मग आता बाकीचंही बोल."

एवढाच काय तो टोमणा. नंतर आयुष्यभर त्यांनी तो विषय काढला नाही.

मी आठ दिवस खपून दोन पानांचं भाषण लिहिलं. शाळेच्या मराठीत, जाड जाड शब्द घालून. 'आदरणीय व्यासपीठ' पासून 'नम्र विनंती' पर्यंत. आरशासमोर पाठ केलं. महासभा चिंचपाड्याच्या पुढे एका मैदानावर होती. माझा हिशेब होता की सभेच्या दिवशी सकाळी निघावं. पण काका दोन दिवस आधीच अक्कलकुव्याच्या स्टँडवर येऊन बसले. काखेत पिशवी, पिशवीत बायबल आणि ज्वारीच्या भाकरी.

"एवढ्या लवकर?" मी विचारलं.

"आधी आपली माणसं बघून येऊ," ते म्हणाले. "विचारतील तर काय सांगशील?"

मग आम्ही तळोद्याहून शहाद्याला आणि तिथून ब्राह्मणपुरीकडे गेलो. माझ्या मनात तो प्रवास अजून हिरवा आहे. आमच्याकडे डोंगर तेव्हा वाळून पिवळे पडलेले असतात. इथे खाली मात्र केळीच्या बागा, पाटाचं पाणी आणि उसाच्या भिंतीच्या भिंती. दुपारचं ऊन होतं. दूरवर उसाच्या पाचटाचा धूर. एका बांधाला लागून ओळीने कोप्या होत्या, ऊसतोड्यांच्या पाचटाच्या खोपटी, वाकून शिरावं लागे इतक्या बुटक्या. त्या कोप्यांपुढच्या चुलींवरून मी ओळखलं की ही आमचीच माणसं. आमच्याकडच्या बायका चूल कशी मांडतात ते मी कुठेही ओळखीन.

आई फडात होती. डोक्याला फडकं, हातात कोयता, हातांवर उसाच्या पातीने ओढलेल्या बारीक रेघा. मला बघून ती आधी घाबरलीच. "कोण गेलं?" तिने विचारलं. आमच्याकडे मधल्या हंगामात कोणी भेटायला आलं तर त्याचा अर्थ एकच असतो.

"कोणी नाही गेलं, याहा," मी म्हटलं. याहा म्हणजे आई. "नाव लिहायला आलोय."

काकांनी पिशवीतून शाळेची वही काढली. मी बांधावर बसले आणि यादीतलं एकेक नाव घ्यायला लागले. माणसं कोयता खाली ठेवून यायची, अंगठा उठवायची नाहीतर सही करायची, हात धोतराला पुसून परत जायची. दोन-चार जण उगाचच थांबून दुसऱ्यांची नावं ऐकत होते. त्यांना तोडीला आणणारा मुकादम शहाद्याकडचा होता. तो लगबगीने आला.

"काय लिखी ऱ्हायनी वं ताई? गाडी भरानी बाकी शे."

"नावं लिहितेय," मी म्हटलं.

"सरकारी काम शे का?"

काका म्हणाले, "नाही. देवाचं."

मुकादमाने गाडीकडे पाहिलं. "मंग लिखा," तो म्हणाला, "पन लवकर."

तिथे छत्तीस माणसं भेटली. उरलेली गुजरातेत, बारडोलीच्या बाजूला होती. तिथे जायला वेळ नव्हता. फडातल्या माणसांनी सांगितलं, अमका अमक्या गावाला आहे, तमकीला तिकडेच मुलगा झाला. मी त्यांच्यापुढेही 'आहे' लिहायला लागले, तर काकांनी हात धरला.

"पाहिलं का आपण?"

"नाही. पण आहेत ना ते."

"मग 'ऐकलं' लिही. पाहिलं ते पाहिलं, ऐकलं ते ऐकलं."

एकाचं मात्र कोणालाच माहीत नव्हतं. जयंत, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, प्रार्थनेला ढोलकी वाजवायचा. सुरतेला कामाला जातो म्हणून गेला, आणि दोन वर्षं त्याचा काही पत्ता नव्हता. त्याच्या नावापुढे काकांनी मला 'माहीत नाही' लिहायला लावलं. मला ते पटलं नव्हतं. आपलीच बाजू आपण कच्ची करतोय असं वाटलं.

निघताना काकांनी टोपी काढून बांधावरच दोन वाक्यांची प्रार्थना केली. गाडीवर मोळ्या चढवणारे मोळ्या हातात धरून तसेच उभे राहिले. मग "आमेन" म्हणून त्यांनी मोळ्या वर फेकल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही नंदुरबारहून पॅसेंजरने चिंचपाड्याला उतरलो. त्या महासभेची आठवण माझ्याकडे आवाजांनी जास्त आहे. एवढे ख्रिस्ती एका जागी मी कधी पाहिले नव्हते. आमच्याकडे रविवारी वीस गळ्यांचं गाणं असायचं, ते कुडाच्या भिंतीबाहेर जेमतेम जायचं. इथे हजारो माणसं मंडपात उभी राहिली आणि पहिली ओळ उचलली, तेव्हा मीही गळा सोडून गायला लागले. ढोलकी, झांजा, पेटी. शेजारच्या बाई सोलापूरकडच्या, त्यांच्या पुढचे गृहस्थ कोकणातले. बोलायला लागले की प्रत्येकाचं मराठी वेगळं, गायला लागले की एक. मी गाताना जराही घाबरले नाही, हे मला फार नवल वाटलं होतं.

प्रतिनिधींना गावात घरोघरी उतरवलं होतं. मी उतरले सुनंदाताईंकडे. त्या मावची आदिवासी घरातल्या, त्यांची बोली आमच्याहून वेगळी, म्हणून आम्ही दोघी मराठीत बोलायचो आणि अडलो की हसायचो. मंडपातल्या पंगतीत भात, डाळ, वांग्याची भाजी मिळायची, तरी घरी गेल्यावर त्या नागलीची भाकरी समोर ठेवायच्याच. दुसऱ्या दिवशी माझ्या साडीचा काठ त्यांनी पाहिला. बांधावर बसले होते तिथली काळी माती आणि उसाचा चिकट रस, धुऊनही डाग गेला नव्हता.

"ही नेसून बोलणार तू?" त्यांनी विचारलं.

"दुसरी नाहीये."

त्यांनी पेटीतून मोरपंखी रंगाची साडी काढली. निऱ्या स्वतः करून दिल्या. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आणि ऐक. माईकच्या फार जवळ तोंड नेऊ नको, तो शिट्टी मारतो. कालच्या पाळकसाहेबांचं काय झालं पाहिलंस ना?"

आमचा ठराव दुसऱ्या दिवशी दुपारी होता. तो पुढे गेला. संध्याकाळी होता, तोही गेला. मी हातात दोन पानं धरून बसलेली, घामाने त्यांवरची शाई फुटली. तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या आधी, माणसं चुळबुळ करायला लागली होती, मागच्या स्वयंपाकाचा वास आला होता, तेव्हा आमच्या मंडळीचं नाव पुकारलं गेलं. चिटणीसांनी ठराव वाचला. त्रेसष्टपैकी सतरा. अध्यक्ष वयोवृद्ध पाळक होते, आवाज खोल. ते म्हणाले, "या मंडळीच्या प्रतिनिधींना दोन मिनिटं."

मी माईकपाशी गेले. 'आदरणीय व्यासपीठ' एवढं म्हटलं आणि पुढचं सगळं गेलं. अक्षरशः गेलं. समोर माणसांचा समुद्र. मागे वळून पाहिलं तर दिवल्याकाका उठून उभे होते. ते भिलीत म्हणाले, "भाषण राहू दे. वही वाच."

मी वही उघडली. आणि वाचायला लागले.

"दानिएल. हजर, इथे उभे आहेत. मार्था. ब्राह्मणपुरीच्या फडात आहे, आम्ही पाहिलं. शिमोन, मार्थाचा नवरा. तिथेच आहे, पाहिलं. हन्ना. बारडोलीकडे आहे, ऐकलं. तिला तिकडे मुलगा झाला..."

मार्था म्हणजे माझी आई. ते मी सांगितलं नाही. दोन मिनिटं केव्हाच संपली असतील. वेळ संपल्याची घंटी कोणी वाजवली नाही. वाचता वाचता माझा आवाज माझाच झाला, म्हणजे शाळेतला राहिला नाही. 'आहे'चं मध्येच 'हाय' झालं असेल, मला शुद्ध नव्हती. मंडपाच्या मागच्या बाजूला कोणीतरी प्रत्येक नावाला हळूच "आमेन" म्हणायला लागलं, मग आणखी काहीजण. शेवटचं नाव आलं.

"जयंत," मी म्हटलं. "माहीत नाही."

आमेन कोणी म्हटलं नाही.

चिटणीस उठले. त्यांचं काही चुकलं नव्हतं, ते नियमाचंच बोलले. "हजेरी मंडळीच्या जागी मोजतात. फडातली हजेरी धरायची तर प्रत्येक जण..."

काकांना ते ऐकू आलं की नाही, देव जाणे. ते भिलीत बोलायला लागले आणि मी त्यांच्या मागून मराठीत सांगत गेले.

"ते म्हणतात, आम्ही गावात असतो तेव्हा नदी भरलेली असते. नदी कोरडी असते तेव्हा आम्ही गावात नसतो. मग खालच्या मंडळीत आम्ही जायचं कधी?"

कोणीतरी हसलं. मग बरेच हसले, पण ते हसणं बोचरं नव्हतं.

"ते म्हणतात, मोजायचं असेल तर आषाढात या. चिखल असेल. पण सगळे असतील."

अध्यक्षांनी चिटणीसांना विचारलं, "आपण कोणत्या महिन्यात गेला होता?"

"जानेवारीत," चिटणीसांनी चष्मा काढला. "मला कल्पना नव्हती, साहेब. मी त्यांना विचारलं, आहेत का. त्या मुलीने खरं तेच सांगितलं."

मला वाटलं जमीन दुभंगावी. पण अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, ज्याचं माहीत नाही, त्याचं नाव पुन्हा सांगा."

"जयंत."

"पूर्ण नाव."

मी सांगितलं. त्यांनी सगळ्या सभेला उभं राहायला सांगितलं आणि त्या ढोलकीवाल्या पोरासाठी प्रार्थना केली. ठरावावर बोलण्याआधी. तीन हजार माणसं, स्वयंपाक निवत चाललेला, आणि ज्याला त्यांनी कधी पाहिलं नाही त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी. माझ्या शेजारी दिवल्याकाका रडत होते. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्यांची बायको गेली तेव्हाही नाही.

ठराव एक वर्ष पुढे ढकलला गेला. एवढंच झालं. आम्ही जिंकलो वगैरे नाही. आषाढात चिटणीस खरंच आले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वळवलेली, वही प्लास्टिकच्या पिशवीत. ओढ्याला पाणी चढल्यामुळे त्यांना दोन दिवस आमच्याकडे राहावं लागलं. त्यांनी एकसष्ट माणसं मोजली. एक म्हातारी मधल्या काळात वारली होती, आणि जयंत. मंडळी राहिली. आजही आहे. जयंतचा पुढे दोन वर्षांनी वापीहून फोन आला. लग्न केलं होतं, मुलगी झाली होती, गावाकडे यायचं म्हणाला, आला नाही. पण आहे. कुठे आहे ते माहीत आहे.

दिवल्याकाका आता नाहीत. त्यांच्या जागी मंडळीने मला वडील केलं. 'वडीलबाई' म्हणून हाक मारताना पोरं हसतात. आताची पोरं ऊसतोडीला कमी जातात, सुरतेला जास्त. ती आषाढातही परतत नाहीत. यादी वाचताना मी काकांचे तीन शब्द, 'पाहिलं', 'ऐकलं' आणि 'माहीत नाही', अजून वापरते, आणि दरवर्षी तिसऱ्या शब्दापुढची नावं वाढत जातात. कधीकधी मला त्या एकसष्टांच्या वर्षाची फार आठवण येते. कुडाच्या देवळात ओली माणसं दाटीवाटीने बसलेली, पाऊस पत्र्यावर इतका की कोणाचं गाणं कोणाला ऐकू येत नाही, आणि सगळे आपापलं गात आहेत.

पण त्या हंगामातलं माझ्याजवळ सगळ्यात जपून ठेवलेलं आहे ते महासभेनंतरचं. आठवड्याने होळी होती. डोंगरातलं कोणीही, कुठेही असो, होळीला घरी येतंच. आमचे काही नातेवाईक जुन्या देवांचे, काही आमच्यासारखे, पण होळीला सगळे गावात असतात. आई-बाप फडातून परतले. दुपारी आई मोहाच्या झाडाखाली पाला गोळा करत होती आणि बाप जवळच घराच्या भिंतीलगत खाटेवर पडून होता, पाठीला तेल लावून. मी आईला सगळं सांगितलं. मंडप किती मोठा, माणसं किती, जेवण काय. सुनंदाताईंची साडी तिला फार आवडली. ठराव काय झाला ते तिने नीट ऐकलं की नाही कोण जाणे.

मग ती हात थांबवून म्हणाली, "माझं नाव घेतलंस? त्या एवढ्या माणसांत?"

"घेतलं."

"माईकमध्ये?"

"हो."

"काय म्हणालीस?"

"मार्था. ब्राह्मणपुरीच्या फडात आहे, आम्ही पाहिलं."

तिने पदर तोंडाला लावला आणि हसायला लागली. लाजल्यासारखी. मार्था हे नाव तिला बाप्तिस्म्याच्या दिवशी मिळालं होतं आणि त्यानंतर तिला कोणी फारसं त्या नावाने हाक मारली नव्हती. पन्नाशीला आलेली माझी आई, हातावर पातीच्या रेघा, नव्या नवरीसारखी हसत होती.

"तसं नको," ती म्हणाली. "तिथे म्हणालीस तसं म्हण. मोठ्यांदा."

मी उभी राहिले. आजूबाजूला दुसरं कोणी नव्हतं, डोंगर होते. मी मोठ्यांदा म्हटलं.

ती ऐकत राहिली. मग पुन्हा पाला ओढायला लागली.

खाटेवरून बाप म्हणाला, भिंतीकडे तोंड करून, आम्हाला वाटलं होतं तो झोपलाय, "आणि माझं?"